घरटी किती, माणशी किती

अहो,

मरायचंच होतं तर पोरांची परीक्षा तरी होऊ द्यायची होती. काल तुमचा दहावा झाला. लोक येतात, बसतात, 'देवमाणूस होता' म्हणतात. मी पदराआडून मान हलवते. मनात मात्र एकच घोळत असतं, की सरासरी अर्धीच शिकवून गेलात आणि उरलेली अर्धी माझ्या गळ्यात टाकलीत.

आज दोघं बीडला गेलीत, सखाराम आणि पाटलाचा बाबू. तुमच्या सगळ्या शाळेतून हीच दोन पोरं परीक्षेला बसण्याजोगी निघाली होती. भाऊजींनी तांबडं फुटायच्या आत गाडी जुंपली. तेराव्याच्या आधी घरातल्या माणसानं गावची शीव ओलांडू नये, असं भावकीतल्या दोघांनी बजावून पाहिलं. शाळा म्हणजे बसून खायचा धंदा, असं तुमच्या तोंडावर म्हणणारा तुमचा हाच भाऊ. तो बैलांच्या पाठीवर हात फिरवत एवढंच बोलला, "दादाचा शब्द हाय." मी दाराआड उभी होते. त्या घडीला भाऊजींचा मला इतका आधार वाटला की काय सांगू.

आता ऊन डोक्यावर आलंय. पोरं आत बसली असतील. माझा जीव टांगणीला लागलाय. दळायला बसले तर खुंटा हातात तसाच राहतो, म्हणून हा तुमचा बोरू घेऊन बसले. लिहायला शिकवलंत तेव्हा तुम्ही बजावलं होतं, लिहायचं तर शुद्ध लिहायचं. लिहिते. पण राग आला की आपलीच बोली येती, तेवढं सोसा.

राग येतो तो ह्याचा, की तुम्ही शब्द देऊन मोकळे झालात. सखारामच्या दारात मीच होते की तुमच्याबरोबर. त्याच्या मामानं त्याला आखितीच्या सणापासून मोठ्या वाडीत सालानं ठेवायचं ठरवलं होतं. कपडे, जेवण आणि वर्षभर दुसऱ्याची गुरं. भागा, त्याची माय, उंबऱ्यात बसून मातीवर रेघा ओढत होती. तुम्ही म्हणालात, आखितीपर्यंत थांबा, पोराचं नाव बीडच्या शाळेत लागलं तर त्याला कुणी न्यायचं न्हाई, राहायची सोय मी केलीय. मामा हसला. म्हणाला, मास्तर, लागलं तर तुमचं, न्हाई लागलं तर माझं. आखिती आता आलीच. तुम्ही सरणावर गेलात, शब्द काही गेला नाही. तो माझ्या दारात बसलाय.

आणि सगळं अडलं होतं कशावर, तर सरासरीवर. बेरीज, वजाबाकी, पाढे, अगदी त्रैराशिकसुद्धा सखाराम गुरं हाकत हाकत करायचा. सरासरी म्हटलं की दोघंही आ वासून बसायची. तुमच्या त्या सरकारी उर्दू पुस्तकात काय होतं? रेल्वेचे डबे आणि फौजेचे शिपाई. आपल्या गावातल्या कोणत्या पोरानं रेल्वे पाहिली होती? तुम्ही घसा खरवडून सांगायचात, सगळे आकडे मिळवा, जितके आकडे तितक्यांनी भागा, हेच औसत, हीच सरासरी. पोरं माना डोलवायची आणि पाटीवर भलतंच लिहायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मी आत सुपात ज्वारी निवडत असायचे. एकदा न राहवून आतूनच म्हटलं, "त्यांना विचारा ना, घरटी किती पडतं. माणशी किती पडतं." तुम्ही चिडलात. परीक्षेत घरटी विचारत न्हाईत, म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखं पोरांना काय सांगत होतात? देवळाच्या भंडाऱ्याला ज्वारी जमली, घरटी किती पायल्या पडल्या? जणू तुम्हालाच रात्री सुचलं होतं. मी सूप आपटलं ते तुम्ही ऐकलंत. हसू दाबत होतात, मला पाठमोरंसुद्धा कळायचं.

पण त्याच भंडाऱ्यानं घोळ घातला. तुम्ही गणित घातलं, पाच घरं, चार घरांनी ज्वारी दिली, एकानं काहीच दिली न्हाई, तर घरटी किती. दोघांनीही चारानं भागलं. तुम्ही पुन्हा सांगितलंत, त्यांनी पुन्हा चारानंच भागलं. तुम्हाला वाटलं पोरं मठ्ठ आहेत. अहो, पोरं मठ्ठ न्हवती, पोरं रीतीनं वागत होती. आपल्या देवळात भंडाऱ्याच्या दिवशी देणाऱ्यांची नावं पुकारतात. ज्याच्या घरून काही आलं नाही त्याचं नाव कोणी काढत नाही. कोण कोरडा राहिला ते सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीही बोलत नाही. तो मागच्या बाजूला बसून इतरांसारखाच जेवून जातो. लहानपणापासून पाहिलेलं पोरांनी पाटीवर उतरवलं.

तुम्ही पाटी आपटलीत. मग मीही आतून बोलले. ज्यानं दिलंच न्हाई त्याला मोजून त्याची अब्रू कावून काढता, असं विचारलं. तुम्ही उठून दारात आलात. तुमच्या हाताला खडूची पूड लागली होती, तीच तुम्ही कपाळाला लावून घेतलीत घाम पुसताना. म्हणालात, "न मोजलं तर तो गावातलाच न्हाई असं होतं." मी म्हटलं, गाव जेवायला घालतंय की त्याला. तुम्ही म्हणालात, जेवायला घालणं निराळं आणि धरणं निराळं. मी काहीतरी उलट बोलले, आता आठवत नाही काय. तुम्ही हात झटकलात. "उद्या सांगतो," म्हणालात.

उद्या तुम्हाला ताप भरला. मग त्याला उतारच पडला नाही. शुद्धीत आलात की विचारायचात, पोरं आली का. मी म्हणायचे आलीत, ओट्यावर बसलीत. ती खरंच बसलेली असायची. पण आत यायला त्यांना मी मनाई केली होती, तुम्हाला बोलायचा त्रास नको म्हणून. बोलू दिलं असतं तर ते 'उद्या सांगतो' तरी सांगून झालं असतं का, हे आता मनात येतं. पण तेव्हा तुमचा श्वास मोजत बसणाऱ्या बाईला सरासरी कुठली सुचणार?

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आली. कुंपणाबाहेर उभी, पाट्या पोटाशी धरून. सासूबाई म्हणाल्या, जा लेकरांनो, आता शाळा संपली. ती जाईनात. मी सुतकात, कोपऱ्यात घोंगडीवर, कुणाला शिवायचं नाही. आपल्या घरात चूल बंद. भावकीची आणि शेजारची घरं भाकऱ्या आणि पिठलं आणून ठेवत होती. मला एकदम काय वाटलं कुणास ठाऊक. मी कोपऱ्यातून हाक मारली, आत या, अंगणात बसा, त्या भाकऱ्या घरागणिक निरनिराळ्या मांडा.

दुखवट्याच्या भाकरीवर हिशेब करतीस, सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्याच लेकाचं काम करते. त्यावर त्या तोंड फिरवून बसल्या.

पाटलाच्या घरून आठ आल्या होत्या. बाबूनं ते दोनदा सांगितलं. बाकीच्या घरांच्या सहा, चार आणि दोन. मी विचारलं, घरटी किती? बाबूनं पाटीवर वीस लिहिलं, चारानं भागलं आणि पाच म्हणून मोकळा झाला. पुन्हा तेच. कारण त्या सकाळी पाच घरची माणसं आली होती. भागा, सखारामची माय, रिकाम्या हातानं आलती. तीच सगळ्यांत जास्त वेळ बसली. सुतकबितक न मानता तिनं माझा हात हातात घेतला होता.

आता मी कसं सांगू, की पाचवं घर राहिलं? सखारामची मान खाली. तुमच्याशी भांडताना तोंड कसं तुरुतुरु चालायचं, अब्रू अब्रू करत. आता तीच अब्रू माझ्यापुढं पाटी घेऊन बसली होती. मी गप्प बसले असते तर पोरगं परीक्षेत चुकलं असतं आणि बोलले असते तर इथं चार माणसांत मेलं असतं. मी तुम्हालाच शिव्या घातल्या मनातल्या मनात.

तेवढ्यात तोच बोलला. "काकू, आमचं घर राहिलं. आमचं शून्य धरा."

बाबू म्हणाला, "कावून बे? तू काय आणलंस?"

"काय न्हाई आणलं," सखाराम म्हणाला. "पण माय आलती की."

मग मी त्यांच्याकडून भाकऱ्या हलवून घेतल्या. आठांच्या चळतीतल्या चार निघाल्या, सहांतल्या दोन निघाल्या. दोनवाल्याला दोन मिळाल्या आणि सखारामच्या रिकाम्या जागेवर चार जाऊन बसल्या. पाचही चळती सारख्या. बाबू खुळ्यासारखा बघत राहिला. म्हणाला, हे तर सोपं हाय. तुमच्या रेल्वेच्या डब्यांनी महिनाभर जे केलं नाही ते भाकऱ्यांनी एका दुपारी केलं. पण शून्याचं भांडण तुम्हीच जिंकलात, कबूल आहे. ऐकायला तेवढे नव्हतात.

तुम्हाला वाटेल, झालं, मग आता कशाला जीव खालीवर करतीस? सांगते. खरं भ्यावं असं दुसऱ्या दिवशी झालं.

म्हटलं काल घरटी झालं, आज माणशी. पंधरा भाकऱ्या होत्या. जेवायला सासूबाई, भाऊजी, मी आणि ही दोघं. पाच जणं, माणशी तीन, पोरांना तोंडीच यायला हवं. दोघांनी डोकं लावून भाकऱ्या मोडल्या आणि सहा वाटे मांडले. वाट्याला अडीच अडीच.

मी विचारलं, हा सहावा कुणाचा? बाबू म्हणाला, गुरुजींचा.

सासूबाईंनी हंबरडा फोडला. गुणाची गं लेकरं, म्हणाल्या आणि दोघांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. भाऊजी उठून गोठ्यात गेले. आपल्याकडं दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचा घास आधी काढून ठेवतात, पोरं रोज ते पाहत होती. त्यांचं काय चुकलं? पण मला निराळीच भीती पडली. म्हटलं, ह्यांनी बीडला जाऊन असाच एक वाढवला तर? माया म्हणून एक वाढवला तर तिथला साहेब काय माया बघणार? नाव लागायचं न्हाई आणि पोरगं आखितीला दुसऱ्याच्या गोठ्यात.

मी म्हटलं, "गुरुजींना धरू नका. गुरुजी पंगतीत न्हाईत."

सासूबाईंनी असं पाहिलं माझ्याकडं, की ती नजर मी जन्मात विसरायची नाही. पोटच्या लेकाला सून मोजणीतून काढते, आणि तेही चौथ्या दिवशी.

सखाराम मात्र पाटीवरून हात काढीना. विचार करून म्हणाला, "आमच्या घरानं शून्य आणलं, ते धरलं. मग गुरुजींना कावून न्हाई धरायचं?"

अहो, हे तुम्ही सांगायचं होतं. ह्या प्रश्नाला मास्तर लागतो, मी कोण? मी पदर तोंडात कोंबला, मग काढला. म्हटलं, "तुझी माय आलती बाबा. गुरुजी येणार न्हाईत."

तोवर मी ते कुणाजवळ बोलले नव्हते. लोकांनी रडवलं तेव्हा रडले होते, बांगड्या फोडल्या तेव्हा हात पुढं केले होते. पण तुम्ही येणार नाही, हे माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते गणित समजावताना. पोरांनी सहावा वाटा मोडला, पाचांत घातला, माणशी तीन केल्या आणि पाटीवर तीन लिहिलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून ही धास्ती आहे. रिकामा आलेला धरायचा, जो आलाच नाही तो धरायचा नाही. मला हे नीट कळतं, पण त्या एवढ्याशा डोक्यांत मी सगळं एकात एक कालवून तर ठेवलं नाही ना? सखाराम मायाळू, तो वाढवेल. बाबू घाईचा, तो गाळेल. तिथं उर्दूत विचारणार. सकाळी गाडीत बसताना मी पुन्हा विचारलं, औसत म्हणजे काय रे? बाबू वैतागून म्हणाला, काकू, सरासरी, किती येळा इचारता. सखाराम काही बोलला नाही, नुसता लेखणीचं टोक बघत राहिला. त्याला येत नव्हतं का? का घाबरला होता? मला त्याचं गप्प बसणं खातंय.

परीक्षा झाली की नारायणगडाला दर्शनाला जाऊ, असं तुम्ही म्हणाला होतात. मी म्हटलं होतं, नुसतं बोलू नका, तुम्ही असंच म्हणता आणि मग पोरं, पाट्या, पुस्तकं. तुम्ही म्हणालात, ह्या खेपेला नक्की. बघा, परीक्षा आज होतीच आहे. बाईच्या एका हातात सूप आणि दुसऱ्या हातात पाढे देणारा नवरा ह्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे तुम्हाला गडावर सांगायचं मी ठरवलं होतं. घरात सांगितलं असतं तर तुम्ही चढून बसला असता.

गाडी आली वाटतं. घुंगरं आपल्याच बैलांची.

लिहायची थांबले होते. आता दिवे लागले. ऐका.

बाबू गाडीतून उडी मारूनच घरी पळाला. तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलं. भाऊजी बैल सोडत बसले, मुद्दाम हळूहळू. सखाराम माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी विचारलं, औसत आलतं का? हो म्हणाला. काय आलतं, नीट सांग. त्यानं सांगितलं, एका गावात पाच विहिरी. चार विहिरींत आठ, सहा, नऊ आणि सात हात पाणी. पाचवी कोरडी. तर औसत किती हात?

मी उंबऱ्यावरच बसले. म्हटलं, कितीनं भागलंस?

"पाचानं. सहा हात आलं."

बाबूनं चारानं भागलं होतं. साडेसात. कोरड्या विहिरीला कोण मोजतंय, म्हणाला म्हणे. साहेबानं सखारामला जवळ बोलावून विचारलं, पाच कशावरून? ह्याला उर्दूत सांगायला जमेना, तर हा मराठीतच बोलला. कोरडी असली तरी गावची विहीर हाय, साहेब. साहेबाला मराठी येत होती की काय, ते हसले. भाऊजींना आत बोलावून म्हणाले, शाळा उघडल्यावर ह्याला घेऊन या, नाव लावतो. बाबूचं पुढच्या साली बघू. भाऊजी हे मला सांगताना बैलाच्या शिंगाशी बोलत होते, माझ्याकडं बघत नव्हते.

मामाला उद्या निरोप जाईल. आखिती येऊ दे आता.

आज घर सारवून पहिल्यांदा चूल पेटवली. भाकऱ्या थापल्या. हात चालत होते, मन बीडच्या शाळेत त्या पोराशेजारी बसलं होतं. ताटं घेतली. सखारामला म्हटलं, इथंच जेव, मग जा. तो परातीजवळ बसला आणि त्याच्या नादाप्रमाणं मोजू लागला. एकदा मोजलं, माणसांकडं बघितलं, पुन्हा मोजलं.

"काकू, दहा हायत. माणशी दोन धरल्या, तर आपण चौघंच. चुकलं तुमचं."

मी परातीकडं पाहिलं. खरंच दहा होत्या.

"असू दे," म्हटलं. "त्या दोन तुझ्या मायला नेऊन दे. म्हणावं, गुरुजींच्या वाट्याच्या हायत."

तो भाकऱ्या फडक्यात बांधून गेला. सासूबाईंनी माझं ताट आपल्याजवळ ओढलं आणि म्हणाल्या, जेव आता.

आज परीक्षेला मी बसले असते तर नापास झाले असते, अहो. बरं झालं, पोरगा बसला.